दूधसंस्थेचा सेवक निवडताना

बाजारातून बैल आणावयाचा झाल्यास आपला शेतकरी केवळ शिंगे, रंग आणि वशिंड पाहून पैसे मोजीत नाही. तो दात पाहतो, चाल पाहतो आणि शक्य असेल तेथे बैल जोताला धरून पाहतो. मारका किंवा तासात बसणारा बैल कितीही देखणा असला तरी तो घरी आणीत नाही. ताकद चारा-पेंडीने वाढविता येते, खोड मात्र सहसा जात नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

हाच जाणता शेतकरी गावच्या दूधसंस्थेचा सभासद म्हणून सचिवाची अथवा दूध तपासणाऱ्याची नेमणूक करावयास बसतो, तेव्हा ही पारख पुष्कळदा घरी ठेवून येतो. उमेदवार कितवी शिकला, हिशेब लिहितो काय, संगणक चालवितो काय, एवढे विचारले जाते आणि उरलेला निर्णय नातेसंबंधावर किंवा शिफारशीवर सोडला जातो. माणूस आणि जनावर यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु जी सावधगिरी आपण एका बैलासाठी बाळगतो, तेवढी तरी दोनशे कुटुंबांच्या दुधाचा पैसा ज्याच्या हाती द्यावयाचा त्या माणसाच्या बाबतीत बाळगावयास नको काय?

सेवकाच्या हाती काय असते

गावच्या प्राथमिक दूधसंस्थेचा कारभार कागदोपत्री व्यवस्थापक समितीच्या हाती असतो. प्रत्यक्षात पहाटे आणि सायंकाळी संकलनाच्या वेळी समिती तेथे नसते. तेथे असतो तो सचिव, माप घेणारा आणि दूध तपासणारा. लहान गावात ही तिन्ही कामे एकच माणूस करतो. किटलीतील दूध मापात ओतणे, ते ढवळून नमुना घेणे, स्निग्धांश म्हणजे फॅट आणि स्निग्धेतर घनपदार्थ काढणे, आकडा पुस्तिकेत लिहिणे, दर लावणे, दहा दिवसांचे बिल तयार करणे, पशुखाद्याची उधारी वळती करणे, ही सर्व कामे त्याच्या हातून होतात.

यांपैकी प्रत्येक कामात न दिसणारी चूक करता येते. दूध काही वेळ उभे राहिले की साय वर चढते. ते नीट न ढवळता तळाचा नमुना घेतला तर फॅट कमी लागते. गर्बर पद्धतीत नळीमध्ये १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल घेऊन ती नळी यंत्रात फिरवितात. आकडा डोळ्यांच्या समरेषेत धरून वाचावा लागतो. नळी थोडी खाली धरली की आकडा बदलतो. बहुतेक गावांत आता विजेवर चालणारी तपासणी यंत्रे आली आहेत. त्यामुळे काम सोपे झाले. तथापि यंत्र वेळेवर धुणे, त्याची जुळणी ठरल्या मुदतीत करून घेणे आणि त्या जुळणीत हात न घालणे हे शेवटी माणसावरच अवलंबून आहे.

स्वच्छतेचेही तसेच आहे. कॅन गरम पाण्याने धुतले की नुसते विसळले, हे झाकण लावल्यावर कोणास दिसत नाही. आज अनेक गावांचे दूध एकत्र शीतटाकीत जाते. एका गावच्या कॅनमधील आंबूस दूध टाकीत पडले की इतरांचे चांगले दूधही नासते.

तात्पर्य, जेथे देखरेख पोचू शकत नाही अशा जागी हा माणूस दिवसातून दोनदा, वर्षाचे ३६५ दिवस उभा असतो. म्हणून त्याची निवड करताना स्वभाव आणि सचोटी प्रथम पाहावी, कसब त्यानंतर पाहावे. नळीचे काम आणि हिशेबाची पद्धत काही आठवड्यांत शिकविता येते. पहाटे वेळेवर उठण्याची, खरा आकडा लिहिण्याची आणि गरीब-श्रीमंतास एकाच मापाने मोजण्याची वृत्ती शिबिरात शिकविता येत नाही.

एका दशांशाचा हिशेब

हा प्रश्न केवळ नीतीचा नाही, तो सरळ पैशाचा आहे. उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, एका संस्थेत म्हशीचे ४०० लिटर दूध रोज जमते आणि फॅटच्या प्रत्येक किलोस ८०० रुपये दर मिळतो. तपासणीत प्रत्येक सभासदाचे फॅट केवळ ०.१ ने कमी लिहिले गेले, तर रोज सुमारे ४०० ग्रॅम फॅटचा पैसा उत्पादकांना मिळत नाही. ही रक्कम दिवसाला सुमारे ३२५ रुपये आणि वर्षाला सुमारे १ लाख १८ हजार रुपये होते. रोज ८ लिटर दूध घालणाऱ्या एका कुटुंबाचे वर्षाचे नुकसान सुमारे २,४०० रुपये होते. त्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

ही रक्कम संस्थेच्या वहीत वाढावा म्हणून दिसली तर निदान ती संस्थेतच राहते. तीच जर कोणाच्या खिशात गेली, किंवा वाढाव्याइतके पाणी घालून दूध परस्पर विकले गेले, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे होते. यातील सर्वांत मोठी हानी पैशाची नाही. सभासदाच्या मनात एकदा संशय आला की तो चांगले दूध खाजगी गवळ्यास घालू लागतो आणि संस्थेत उरलेसुरले पाठवितो. शेजारी त्याचे अनुकरण करतो. संकलन घटते, वाहतुकीचा खर्च प्रतिलिटर वाढतो आणि अखेर संस्थेचे दार बंद होते. पुन्हा संस्था उभारण्यास निघालेल्या कार्यकर्त्याला गावकरी एकच उत्तर देतात: “मागच्या वेळी पाहिले.”

आणंद येथील उदाहरण

चांगला सेवक लाभल्याने संस्था कशी वाढते याचे ठळक उदाहरण गुजरातमधील खेडा जिल्ह्यात आढळते. खाजगी डेअरीच्या मक्तेदारीस कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्याने संघटना केली आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. आज ‘अमूल’ या नावाने घरोघरी परिचित असलेला संघ तो हाच. प्रारंभी दोन गावांच्या संस्था आणि रोजचे २४७ लिटर दूध एवढीच त्याची पुंजी होती. हे दूध मुंबईच्या सरकारी दूध योजनेस जात असे. संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले, गावोगाव पायी हिंडणारे कार्यकर्ते होते.

१९४९ च्या मे महिन्यात वर्गीज कुरियन नावाचे एक तरुण अभियंते आणंदच्या सरकारी क्रीमरीत नोकरीवर रुजू झाले. ते मूळचे केरळचे. अमेरिकेत ते सरकारी शिष्यवृत्तीवर शिकून आले होते. शिष्यवृत्ती दुग्ध अभियांत्रिकीसाठी होती, पण त्यांचा ओढा धातुशास्त्राकडे होता. नोकरीत त्यांचे मन रमत नव्हते. शेजारीच संघाची जुनी यंत्रे वरचेवर बंद पडत आणि त्रिभुवनदास त्यांना मदतीस बोलावीत. हे काम कुरियन यांच्या नोकरीचा भाग नव्हते. तरीही ते येत, बाह्या सारून यंत्र दुरुस्त करीत आणि अखेर ही यंत्रे टाकून नवे घ्यावे असा स्पष्ट सल्लाही त्यांनी दिला. सरकारी नोकरी सोडून ते परत निघाले, तेव्हा नवे यंत्र बसेपर्यंत तरी थांबावे, अशी विनंती त्रिभुवनदासांनी केली. कुरियन थांबले, आणि १९५० पासून संघाचा कारभार त्यांच्याकडे आला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्रिभुवनदासांनी हा माणूस मुलाखतीत पाहिला नव्हता. कामात पाहिला होता. अंगावर नसलेले काम अंगावर घेणारा, अध्यक्षासही न आवडणारे खरे सांगणारा आणि हात काळे करण्यास न लाजणारा, एवढे तीन गुण त्यांना दिसले होते. हा माणूस परप्रांतीय, परधर्मीय आणि गुजराती न जाणणारा होता. आणंदमध्ये प्रथम त्यास राहावयास घरही मिळाले नाही, एका गॅरेजमध्ये मुक्काम करावा लागला. तरीही अध्यक्षांनी आपल्या जातीचा, आपल्या तालुक्याचा माणूस शोधला नाही.

याचा अर्थ कसबाची गरज नव्हती असा नव्हे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे तेव्हा परदेशी जाणकार सांगत. ते काम करून दाखविण्यासाठी कुरियन यांनी हरिचंद दलाया या दुग्धतंत्रज्ञ मित्रास आणंदला आणले. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि तेथे म्हशीच्या दुधाची भुकटी तयार होऊ लागली. जेथे विशेष विद्येवाचून अडते तेथे विद्वान माणूस शोधलाच पाहिजे. अध्यक्षाची निःस्वार्थ बुद्धी, व्यवस्थापकाची निष्ठा आणि तंत्रज्ञाची विद्या यांचा मेळ बसला म्हणून संघ वाढला.

१९६४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी खेडा जिल्ह्यातील अजरपुरा या गावी रात्रीचा मुक्काम करून शेतकऱ्यांशी बोलणी केली. तेथील माती, पाऊस आणि जनावरे यांत इतर प्रांतांहून वेगळे असे काही त्यांना आढळले नाही. वेगळी होती ती व्यवस्था. डेअरीचे मालक शेतकरी होते आणि ती चालविणारा व्यवस्थापक त्यांचा सेवक होता, त्यांनाच जबाबदार होता. याच धर्तीवर देशभर काम व्हावे म्हणून १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना आणंद येथे झाली.

स्वभाव कसा पारखावा

मनुष्याचे मन उघडून पाहता येत नाही, अशी शंका येथे घेतली जाईल. मन दिसत नाही हे खरे, पण वागणूक दिसते. पुढील रीत कोणत्याही गावच्या समितीस अवलंबिता येण्यासारखी आहे.

१. प्रथम काम लेखी ठरवावे. संकलनाच्या वेळा, कामांची यादी, वेतन आणि सुट्टी यांचा कागद संस्थेच्या फलकावर किमान पंधरा दिवस लावावा. वाड्या-वस्त्यांवरही तो पोचवावा. गुपचूप झालेल्या नेमणुकीवर पहिल्या दिवसापासून संशय राहतो.

२. उमेदवाराबद्दल तीन ठिकाणी चौकशी करावी. ज्याने त्यास उसने दिले आहे असा एक, ज्याच्या हाताखाली त्याने काम केले आहे असा एक, आणि ज्याच्याकडून त्यास काहीही मिळण्याजोगे नाही असा एक. तिसऱ्याचे मत सर्वांत मोलाचे मानावे. सरपंचाशी सर्वच आदराने बोलतात. दोन लिटर दूध घालणाऱ्या विधवा बाईशी तो कसा बोलतो ते पाहावे.

३. मुलाखतीत ‘तू प्रामाणिक आहेस काय’ असे विचारून उपयोग नाही. घडणारे प्रसंग पुढे ठेवावेत. ‘अध्यक्षांच्या घरचे दूध पाणीदार लागले तर काय कराल?’ ‘काल तुमच्या हातून एकाचे फॅट चुकीचे लिहिले गेले असे आज लक्षात आले, तर काय कराल?’ उत्तर देताना तो वाटा शोधतो की सरळ बोलतो, हे समितीस सहज कळते.

४. दोन-तीन उमेदवार निवडून त्यांना क्रमाने एकेक महिना वेतनावर उमेदवारी द्यावी. फुकट राबवून घेऊ नये. या महिन्यात पुढील गोष्टींची नोंद ठेवावी: थंडीपावसात तो वेळेवर आला काय, रांग मोडणाऱ्या वजनदार माणसास त्याने थांबविले काय, प्रत्येक सभासदास आकडा दाखवून मगच लिहिला काय, कोणी पाहत नसतानाही कॅन धुतले काय, चूक झाली ती त्याने स्वतः सांगितली की दुसऱ्याने पकडली.

५. महिनाअखेर सभासदांचे मत घ्यावे. दूध घालण्यास बहुधा घरातील स्त्रिया येतात. त्यांचे मत मुद्दाम विचारावे, कारण रोजचा अनुभव त्यांचा असतो. उमेदवारांतही स्त्रियांना वाव द्यावा. नळीचे किंवा यंत्राचे काम त्यांना न जमण्यासारखे त्यात काही नाही.

६. त्यानंतर निवडलेल्या माणसास संघाच्या प्रशिक्षणास पाठवावे. गंधकाम्ल हाताळणे जोखमीचे आहे. चांगल्या स्वभावाचा पण न शिकलेला माणूस स्वतःचा हात भाजून घेईल आणि सभासदांचे आकडेही बिघडवील. स्वभाव आधी म्हणजे शिक्षण नको, असा अर्थ कोणी करू नये.

चारित्र्य म्हणजे काय नव्हे

या बाबतीत एक धोका स्पष्ट सांगावयास हवा. ‘आम्ही चांगला माणूस पाहून घेतला’ या शब्दांआड पुष्कळदा भाऊबंदकी लपलेली असते. आपल्या भावकीतील, आपल्या पक्षाचा किंवा आपल्या आळीतील म्हणून कोणी चांगला ठरत नाही. गोड बोलणारा, देवळात नियमाने जाणारा किंवा अध्यक्षांपुढे मान खाली घालणारा माणूस सचोटीचा असेलच असे नाही. किंबहुना, अध्यक्षांना ‘नाही’ म्हणू न शकणारा तपासनीस संस्थेच्या उपयोगाचा नाही, कारण पहिले पाणीदार दूध बहुधा मोठ्या घरूनच येते आणि ते परत करण्याचे धैर्य त्याच्या अंगी असावे लागते. समितीच्या सदस्यांनी आपल्या निकटच्या नातलगाचे नाव पुढे आणू नये, आणि ते आलेच तर त्या सदस्याने निवडीच्या वेळी उठून बाहेर जावे.

तसेच एखाद्याने पूर्वी चूक केली म्हणून त्यास कायमचे बाद करणेही योग्य नाही. चूक त्याने झाकली की भरून दिली, हे पाहावे.

चांगल्या माणसास सांभाळणे

सचोटीचा माणूस मिळाला की समितीचे काम संपले, अशी समजूत करून घेणे घातक आहे. पिकाला कुंपण लागते ते पिकाच्या संशयापोटी नव्हे. त्याचप्रमाणे तपासणीची शिस्त ही प्रामाणिक सेवकाचे खोट्या आळापासून रक्षण करते. आठवड्यातून एकदा, वार न ठरविता, समितीच्या एका सदस्याने चार नमुने दुबार तपासावेत. संघाकडून आलेले फॅट आणि गावात लागलेले सरासरी फॅट यांची तुलना दर दहा दिवसांनी फलकावर लिहावी. रोकड, साठा व उधारीची वही महिन्यातून एकदा मोजून पाहावी. नेमणुकीच्या वेळी जामीन घ्यावा. लेखापरीक्षकाचे शेरे सभेपुढे वाचून दाखवावेत.

याबरोबरच वेतन पुरेसे आणि वेळेवर द्यावे. पहाटेपासून राबणाऱ्या माणसास घर चालण्याइतकाही पैसा न देता त्याच्याकडून हरिश्चंद्राची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. आठवड्याच्या सुट्टीसाठी दुसरा शिकलेला माणूस तयार ठेवावा. त्यामुळे सेवकास विश्रांती मिळते आणि एका माणसावाचून संस्था अडत नाही. पाणीदार दूध परत केले म्हणून कोणी त्याच्या अंगावर धावून आला तर समितीने त्याच दिवशी सेवकाच्या बाजूने उभे राहावे. त्या एका प्रसंगी समिती गप्प बसली, तर पुढे तोही गप्प बसेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी स्वतः कोणाची शिफारस करू नये. त्यांचे काम रीत समजावून देण्याचे आहे. गावात संस्था नव्याने निघत असेल, किंवा जुन्या संस्थेचा सेवक निवृत्त होत असेल, तर ही निवड गावापुढे उघडपणे व्हावी असा आग्रह त्यांनी धरावा. कामाचा कागद तयार करण्यास, उमेदवारीच्या महिन्याची नोंदवही घालून देण्यास आणि प्रशिक्षणासाठी संघाकडे पत्रव्यवहार करण्यास मदत करावी.

हीच गोष्ट शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही लागू आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांची सोय झाली आणि २०२० साली देशात १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना केंद्र सरकारने हाती घेतली. माल तोलणारा, प्रत ठरविणारा, गोदाम सांभाळणारा आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या हाती तेथेही सभासदांचा विश्वासच असतो. सोयाबीनचा ओलावा मोजणे आणि दुधाचे फॅट मोजणे यांत सचोटीच्या दृष्टीने काही फरक नाही.

शेतकरी बंधूंनो व भगिनींनो, संस्थेची इमारत, शीतटाकी आणि तपासणी यंत्र कर्जाने किंवा अनुदानाने मिळू शकते. त्यांच्यामागे उभा राहणारा माणूस मात्र अनुदानात मिळत नाही. तो आपणच आपल्या गावातून निवडावयाचा असतो. पुढील वार्षिक सभेत नेमणुकीचा विषय निघेल तेव्हा उमेदवाराची प्रमाणपत्रे अवश्य पाहावीत. पण त्याआधी एक प्रश्न सर्वांनी मनाशी विचारावा: पहाटेच्या अंधारात, कोणी पाहत नसताना, माझ्या किटलीतील दूध या माणसाच्या हाती निर्धास्तपणे देऊन मी घरी परत जाईन काय? या प्रश्नाचे उत्तर गावातील बहुसंख्य घरांनी मोकळ्या मनाने ‘होय’ असे दिले, तर तीच नेमणूक करावी, आणि त्या माणसास शिकवून, योग्य वेतन देऊन व योग्य तपासणी ठेवून कामास लावावे.